घसा, मेंदू आणि वहीतले अक्षर

आपल्या बोलीत मुलांच्या चमत्कारिक वागण्याला नावांची वाण नाही. मूल सारखे डोळे मिचकावू लागले तर तो चाळा. खांदे उडवू लागले तर ती खोड. दहा वेळा हात धुऊनही ते स्वच्छ झाले नाहीत असे म्हणू लागले तर तो मंत्रचळ. या शेवटच्या शब्दातच त्याची जुनी उपपत्ती दिसते: मंत्र म्हणता म्हणता काही चुकले आणि चळ लागला. आमच्या शेजारची कन्नड घरे अशा नादाला ‘गीळु’ म्हणतात. उपायाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे एकमत आहे. आपण दृष्ट काढतो, ते दृष्टी काढतात.

शाळेत या नावांत आणखी भर पडते. व्रात्य, आळशी, नाटकी, आईबापांनी लाडावलेला. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत ही विशेषणे चहाबरोबर सहज वाटली जातात. ती वाटणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण एकदा विशेषण चिकटले की मुलाकडे कोणी नीट पाहत नाही, हे मी माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिले आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही या विषयावर लिहायला बसलो, कारण या आजारांना मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात डॉक्टरांच्या बरोबरीने शाळेचे, शिक्षकाचे आणि मुलाच्या वहीचेही स्थान आहे. घशाला झालेला एक साधा जंतुसंसर्ग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मुलाच्या हातापायांत, अक्षरात, विचारांत आणि भीतीत उतरू शकतो, ही गोष्ट माणसाला कळायला सुमारे तीन शतके लागली. ती पुरती कळली आहे असे आजही म्हणता येत नाही. ज्या घरात शाळेत जाणारे मूल आहे त्या घराला हा इतिहास ठाऊक असावा, एवढ्याच हेतूने तो येथे सांगतो.

संताचे नाव, मुलांचा आजार

इ. स. १५१८ च्या जुलै महिन्यात स्ट्रासबर्ग शहरात एक बाई रस्त्यावर येऊन नाचू लागली आणि थांबेचना. काही दिवसांत तिच्यामागून आणखी माणसे नाचू लागली. पुढे हा आकडा शेकड्यांवर गेला असे जुन्या बखरी सांगतात. नगराच्या कारभाऱ्यांनी आधी असा विचार केला की, मनसोक्त नाचले म्हणजे यांचे रक्त शांत होईल. म्हणून मंच उभारले, वाजंत्री लावली. नाच वाढला. मग वाद्यांवर बंदी घालून या माणसांना साव्हेर्न गावाजवळच्या सेंट व्हायटस या संताच्या स्थानी नेण्यात आले. त्याआधी १३७४ मध्ये ऱ्हाईन नदीच्या मुलखात, आखेन शहराकडून अशीच लाट पसरली होती. हा संत कोपला की नाचायला लावतो आणि प्रसन्न झाला की तोच बरे करतो, अशी तिकडची श्रद्धा. जत्रा-यात्रांच्या मुलखात वाढलेल्या आपल्याला हा हिशेब मुळीच परका वाटू नये.

पॅरासेल्सस या वैद्याने सोळाव्या शतकातच संत आजार देत नाहीत असे ठणकावले आणि या विकाराला नाच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘कोरिया’ म्हटले. दुष्काळ, रोगराई आणि भीती यांनी पिचलेल्या लोकांत पसरलेला तो सामूहिक मनोविकार असावा, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

१६८६ मध्ये लंडनच्या थॉमस सिडनहॅम या डॉक्टराने एका वेगळ्याच आजाराचे वर्णन लिहिले. त्याचे रुग्ण दहाव्या वर्षापासून वयात येईपर्यंतची मुलेमुली होते. आधी एक पाय ओढल्यासारखा पडतो. मग त्याच बाजूचा हात क्षणभरही एका जागी स्थिर राहत नाही. पाण्याचा पेला तोंडाशी नेताना हात इकडेतिकडे भरकटतो, आणि एकदाचा पेला ओठाला लागला की मूल ते पाणी घाईने गटकन पिऊन टाकते. पाहणाऱ्याला वाटावे, मूल लोकांना हसवायला सोंग करते आहे. ‘सोंग’ हा आरोप या आजाराला इतका जुना चिकटलेला आहे. सिडनहॅमचे निरीक्षण अचूक, पण उपचार त्याच्या काळाचे: रक्त काढणे आणि जुलाब देणे.

गंमत अशी की सिडनहॅमनेही या आजाराला सेंट व्हायटसचेच नाव दिले. रस्त्यात नाचणारी प्रौढ माणसे आणि पेला न धरता येणारी लेकरे यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण नाव एका घरचे दुसऱ्या घरी गेले आणि तिथेच राहिले. आज डॉक्टर त्याला ‘सिडनहॅमचा कोरिया’ म्हणतात.

सांधे, हृदय आणि शाळा

एकोणिसाव्या शतकात पॅरिस आणि लंडनच्या रुग्णालयांत मुलांसाठी वेगळे विभाग झाले आणि एकाच प्रकारची शेकडो मुले एका छपराखाली पाहता येऊ लागली. १८५० मध्ये जर्मेन से या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की, कोरिया झालेल्या मुलांपैकी पुष्कळांना सांधे सुजण्याचा ताप, म्हणजे संधिवाताचा ज्वर, येऊन गेलेला असतो. १८६६ च्या सुमारास आंरी रोझे याने पुढचे पाऊल टाकले: सांधे, हृदय आणि हातापायांची ही ओढाताण हे एकाच रोगाचे तीन चेहरे आहेत. १८९४ मध्ये विल्यम ऑस्लर याने कोरियावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या मुलांच्या वागण्यातही तीच तीच गोष्ट चिवटपणे करत राहण्याची ओढ असते, असे त्याने नोंदवून ठेवले. त्या ओळीकडे पुढे जवळजवळ शंभर वर्षे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

मला शिक्षक म्हणून सगळ्यांत जास्त विचार करायला लावला तो ऑक्टेव्हियस स्टर्जिस या डॉक्टराने. १८८० च्या दशकात तो लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयात होता. इंग्लंडमध्ये तेव्हा प्राथमिक शिक्षण नुकतेच सक्तीचे झाले होते आणि गरिबांची मुले प्रथमच वर्गात कोंबली जात होती. स्टर्जिसच्या पाहण्यात आले की, कोरियाची कितीतरी मुले शाळेत गणिते, गृहपाठ आणि छडी यांच्या धाकाखाली होती. त्याने निष्कर्ष काढला की हा आजार शाळाच निर्माण करते.

निष्कर्ष चुकला, पण निरीक्षण खोटे नव्हते. आजार सुरू होताच मुलाचे अक्षर बिघडते, हातातली पाटी पडते, मन थाऱ्यावर राहत नाही, डोळ्यांत विनाकारण पाणी येते. मग शिक्षक रागावतो, छडी उगारतो, आणि मूल अधिकच थरथरते. डॉक्टराने शाळेला दोष दिला, शाळेने मुलाला, आणि घरच्यांनी बहुधा नशिबाला. खरा गुन्हेगार सगळ्यांच्या समोर वर्गातल्या हवेत होता. खोकल्याशिंकण्यातून तो एका घशातून दुसऱ्या घशात जात होता.

गुन्हेगाराची ओळख

१९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्विन कोबर्न आणि लंडनच्या कॉलिस यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, संधिवाताच्या ज्वराआधी घशात स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंचा संसर्ग होऊन गेलेला असतो. हे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली माळेतल्या मण्यांसारखे दिसतात. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील रेबेका लान्सफील्ड या संशोधिकेने त्यांचे गट पाडले. माणसांच्या घशात दुखणे आणणारे जंतू मुख्यतः ‘अ’ गटातले निघाले. १९४४ मध्ये डकेट जोन्स याने संधिवाताचा ज्वर ओळखण्याचे निकष ठरवले आणि त्यांतल्या प्रमुख लक्षणांत कोरियाला जागा दिली. मग पेनिसिलिन आले. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातील वॉरन तळावरच्या सैनिकांवर झालेल्या पाहणीतून १९५० मध्ये सिद्ध झाले की, घशाच्या संसर्गावर वेळेत पेनिसिलिन दिले तर पुढचा संधिवाताचा ज्वर टळतो.

एक कोडे मात्र राहिले होते. कोरियाच्या कितीतरी मुलांच्या घशात तपासणीच्या वेळी जंतूच सापडत नसत. १९५६ मध्ये तारांता आणि स्टॉलरमन यांनी त्याचा उलगडा केला. घसा दुखून गेल्यावर सांधे सुजायला दोन-तीन आठवडे लागतात; कोरिया कित्येक महिन्यांनी उगवू शकतो. तोवर घसा दुखल्याचे घर विसरलेले असते.

श्रीमंत देशांत हा आजार पुढे फार कमी झाला. आपल्या देशात मात्र संधिवाताच्या ज्वराने हृदयाच्या झडपा खराब झालेली मुले आणि तरुण आजही मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे कोरियाही आपल्याकडे केवळ ग्रंथातला शब्द नाही.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मी सीमाभागातल्या एका खेड्यात साहाय्यक शिक्षक होतो. तिथे सहावीत एक हुशार मुलगी होती, अक्षर मोत्यासारखे. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचे अक्षर कोसळले. मराठीच्या गुरुजींनी ‘सुट्टीत हिने वहीला हात लावला नाही’ असे म्हणून तिला उभे केले. कन्नडच्या सरांचे म्हणणे, ‘मराठी घरची मुले कन्नडचा कंटाळा करतात.’ प्रत्येकाकडे आपापले कारण तयार होते. तिच्या वर्गशिक्षिका बाईंनी एके दिवशी तिच्या दोन्ही वह्या उघडून शेजारीशेजारी ठेवल्या. मराठीची शिरोरेषा आणि कन्नडची गोलाई, दोन्ही एकाच आठवड्यात मोडल्या होत्या. कंटाळा एका विषयाचा असता तर एकच वही बिघडली असती. बाईंनी वडिलांना बोलावून मुलीला डॉक्टरांकडे न्यायला सांगितले.

डॉक्टरांनी तिला आपली दोन बोटे मुठीत धरायला लावली. मूठ आवळायची, सैल पडायची, पुन्हा आवळायची. गाईची धार काढताना हाताची होते तशी हालचाल. हे कोरियाचे पाठ्यपुस्तकातले लक्षण आहे. मग छातीला नळी लावली, तेव्हा हृदयाच्या झडपेत दोष निघाला. तिला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू झाले आणि ते कित्येक वर्षे चालणार होते. काही महिन्यांत हात शांत झाले, अक्षर परतले. दोन वह्या शेजारी ठेवल्या गेल्या नसत्या तर तिच्या हृदयाचे दुखणे कधी कळले असते, कोण जाणे. इतिहासाच्या अभ्यासात दोन स्वतंत्र साधने ताडून पाहावीत असे आम्ही शिकवतो. त्या बाईंनी ते करून दाखवले.

चाळ्यांचा आणि मंत्रचळाचा वेगळा प्रवास

आतापर्यंत सांगितली ती हातापायांच्या ओढाताणीची कथा. डोळे मिचकावणे, मान झटकणे, घसा खाकरणे या चाळ्यांचा आणि मंत्रचळाचा वैद्यकीय इतिहास मात्र बराच काळ वेगळ्या रस्त्याने गेला. १८८५ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्कोचा शिष्य जील द ला तुरेत याने नऊ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. अनावर झटके, तोंडून आपोआप निघणारे आवाज आणि शब्द. तो हा विकार आनुवंशिक मानत होता. त्यानंतर मनोविश्लेषणाचे युग आले. १९२१ मध्ये फेरेंत्सी याने चाळ्यांची मुळे दडपलेल्या इच्छांत शोधली. मंत्रचळाचे उगमस्थानही बालपणीच्या दडपणात आणि आईबापांच्या शिस्तीत पाहिले जाऊ लागले. याचा घरांवर काय परिणाम झाला असेल, याची कल्पना करावी. मूल आजारी, आणि दोष आईच्या वागण्याला.

याच काळात शरीराने दोन साक्षी दिल्या होत्या. पहिले महायुद्ध चालू असताना युरोपात मेंदूला सूज आणणारी निद्रारोगाची साथ पसरली. व्हिएन्नाच्या फॉन इकॉनोमो याने १९१७ मध्ये तिचे वर्णन केले. त्यातून वाचलेल्या काही मुलांचा स्वभावच पालटला. शांत मुले अनावर झाली, कित्येकांना चाळे आणि सक्तीचे विचार जडले. तापाने माणसाचे वागणे, अगदी त्याचे ‘मन’सुद्धा, बदलू शकते हे तेव्हा जगाने पाहिले. दुसरी साक्ष १९२९ ची. सेलिंग नावाच्या अमेरिकन डॉक्टराने नाकाजवळच्या पोकळ्यांतील संसर्गाशी जोडलेल्या चाळ्यांचे तीन रुग्ण नोंदवले. तीन रुग्णांचे म्हणणे कोण ऐकणार? १९६१ मध्ये हॅलोपेरिडॉल या औषधाने तुरेतच्या रुग्णाचे झटके कमी झाले, तेव्हा कुठे मेंदूकडे पुन्हा गंभीरपणे पाहिले जाऊ लागले.

दोन वाटा मिळतात

१९७६ मध्ये हस्बी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोरिया झालेल्या मुलांचे रक्त तपासले. जवळजवळ निम्म्या मुलांच्या रक्तात असे प्रतिद्रव्य सापडले की जे मेंदूच्या खोल भागातील पेशींना जाऊन चिकटते. हा भाग, ज्याला बेसल गँग्लिया म्हणतात, हालचाली आणि सवयी यांवर नियंत्रण ठेवतो. येथे थोडे थांबून हे प्रकरण समजावून घ्यायला हवे. जंतू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. स्ट्रेप्टोकॉकसच्या अंगावरचे काही रेणू आपल्या हृदयाच्या, सांध्यांच्या आणि मेंदूच्या काही रेणूंसारखे असतात. एका गावात एकाच आडनावाची दोन घरे असावीत आणि कोर्टाच्या बेलिफाने समन्स घेऊन भलत्याच घरी जावे, तसे हे होते. प्रतिद्रव्य निघाले जंतूसाठी आणि पोचले मेंदूच्या दारी.

त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट या मुलांमधील मंत्रचळाचा अभ्यास करत होत्या. १९८९ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाने, हात धुणे थांबवू न शकणाऱ्या मुलाची कथा घरोघर पोचवली. त्यांच्या सहकारी सुसान स्वीडो यांनी त्याच वर्षी एक तुलना प्रसिद्ध केली. संधिवाताचा ज्वर येऊन गेलेली दोन प्रकारची मुले त्यांनी पाहिली: २३ जणांना कोरिया झाला होता, १४ जणांना झाला नव्हता. मंत्रचळाची लक्षणे कोरिया झालेल्यांत ठळकपणे जास्त होती. ऑस्लरची ती विसरलेली ओळ पंचाण्णव वर्षांनी खरी ठरली.

मग प्रश्न आला: हातापायांची ओढाताण न होता, केवळ चाळे आणि मंत्रचळ एवढ्याच रूपाने हा आजार येऊ शकतो का? १९९८ मध्ये स्वीडो यांनी अशा ५० मुलांची माहिती मांडली. आजार वयात येण्याआधी सुरू झालेला, एकाएकी भडकणारा, मग ओसरणारा आणि पुन्हा उसळणारा, आणि प्रत्येक उसळीचा घशाच्या संसर्गाशी वेळेचा मेळ. या चित्राला त्यांनी इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पँडास’ नाव दिले. काल हसतखेळत झोपलेले मूल आज दाराची कडी शिवायला तयार नाही, आईला क्षणभर सोडत नाही, जेवायला घाबरते, रात्री अंथरूण ओले करते. पालक अनेकदा आजाराची तारीख सांगू शकत. आणि येथेही अक्षर! या मुलांचे अक्षर आणि चित्रे एकाएकी बिघडतात, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा नोंदवले आहे.

काकतालीय न्याय की कार्यकारणभाव?

येथे इतिहास संपला असता तर लेखाचा शेवट गोड झाला असता. पण याच ठिकाणी वाद पेटला, आणि तो न सांगणे म्हणजे वाचकाला अर्धे सांगणे होय.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे साधे आणि वजनदार होते. २००४ मध्ये कर्लन आणि कॅप्लन यांनी ते नेमके मांडले. शाळेच्या वयात घसा दुखणे सर्रास, आणि थोड्या दिवसांचे चाळेही सर्रास. काही मुलांच्या घशात तर हे जंतू काहीही त्रास न देता मुक्कामाला असतात. मग दोन सर्रास गोष्टी एका मुलात एका वेळी दिसल्या, तर एकीमुळे दुसरी झाली असे कसे म्हणावे? आपल्या शास्त्रकारांनी यालाच काकतालीय न्याय म्हटले आहे: कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एक गाठ पडली.

पुढच्या पुराव्यांनी दोन्ही पारड्यांत वजन टाकले. १९९९ मध्ये सुमारे ३० मुलांवर झालेल्या प्रयोगात, रक्तातले द्रव बदलणे आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे या दोन्ही उपायांनी मोठा फरक पडला. २०१६ मध्ये ३५ मुलांवर इम्युनोग्लोब्युलिनचा पुन्हा प्रयोग झाला, तेव्हा खोट्या औषधापेक्षा त्याचा ठळक फायदा सिद्ध होऊ शकला नाही. २०१७ मध्ये डेन्मार्कच्या दहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. स्ट्रेप्टोकॉकसची तपासणी होकारार्थी आलेल्या मुलांत पुढे मंत्रचळाचे प्रमाण इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त, चाळ्यांचे ३५ टक्के जास्त. पण दुसऱ्या जंतूंनी घसा धरलेल्या मुलांतही प्रमाण वाढलेले होते, जरा कमी एवढेच. आणि २०२१ मध्ये युरोपातल्या एका पाहणीने, आधीपासून चाळे असलेल्या ७१५ मुलांवर अनेक महिने लक्ष ठेवून सांगितले की, चाळे वाढणे आणि स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग यांचा संबंध आढळला नाही.

दरम्यान स्वीडो यांनीच आपली व्याख्या रुंद केली होती. २०१२ मध्ये ‘पॅन्स’ हे नवे नाव आले. त्यात कोणत्याही एका जंतूची अट उरली नाही. एकाएकी उद्भवलेला मंत्रचळ किंवा अन्न नाकारणे, आणि त्याच्या जोडीला तितक्याच अचानक आलेली आणखी किमान दोन लक्षणे: भीती, चिडखोरपणा, लहान बाळासारखे वागणे, झोप बिघडणे, अभ्यासात घसरण. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने या विषयावर अहवाल काढला. असा आजार आहे हे तिने मान्य केले. पण तो नक्की ओळखणारी एकही रक्ततपासणी नाही आणि उपचारांचा पुरावाही अपुरा आहे, हेही सांगितले.

म्हणजे आज आपण कुठे उभे आहोत? सिडनहॅमचा कोरिया आणि घशाचा संसर्ग यांचे नाते पक्के आहे. त्यावरून, काही थोड्या मुलांत संसर्गानंतर मंत्रचळ आणि चाळे एकाएकी उसळत असावेत, हे संभवनीय आहे. पण मंत्रचळ किंवा चाळे असलेल्या बहुसंख्य मुलांत आजार हळूहळू येतो आणि त्याचा घशाशी संबंध जोडता येत नाही. त्यांच्यासाठी वर्तनोपचार आहेत, गरज पडल्यास औषधे आहेत, आणि ते चांगले उपयोगी पडतात.

घराने आणि शाळेने काय घ्यावे

या इतिहासातून मी स्वतःपुरते आणि माझ्या शाळेपुरते काही नियम काढले आहेत.

मुलाचा घसा तापासह दुखत असेल, गिळता येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी दिलेला औषधाचा क्रम पुरा करावा. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी फडताळात ठेवणे हा आपल्याकडचा काटकसरीचा प्रकार हृदयाला महाग पडू शकतो. उलट, मूल डोळे मिचकावते म्हणून दुकानातून आपल्याच मनाने प्रतिजैविके आणून देणेही चूक. तसेच ‘ए.एस.ओ.’ नावाची रक्ततपासणी वाढलेली आली म्हणजे रोगाचे मूळ सापडले, असे समजू नये. ती एवढेच सांगते की, हे जंतू केव्हातरी येऊन गेले. आपल्याकडच्या कितीतरी निरोगी मुलांतही ती वाढलेली असते.

मुलाचे वागणे एकाएकी पालटले तर ते कधी पालटले याची तारीख लिहून ठेवावी, आणि त्याआधीच्या महिन्यांत ताप, घसा, सांधेदुखी झाली होती का ते आठवावे. बालरोगतज्ज्ञांपुढे जाताना हा कागद आणि मुलाच्या आधीच्या व नंतरच्या वह्या बरोबर न्याव्यात. हात अनावर हलत असतील तर मुळीच उशीर करू नये. त्यामागे हृदयाचे दुखणे लपलेले असू शकते. अंगारा लावायचा असेल, दृष्ट काढायची असेल, तर आजीच्या समाधानासाठी जरूर काढावी, पण दवाखान्याची गाडी चुकवून नव्हे.

आणि शिक्षकांसाठी. चाळा हा रागावून थांबत नाही. ‘मान हलवू नकोस’ असे चारचौघांत म्हटले की तो वाढतो. मंत्रचळाच्या मुलाला आपले वागणे वेडेपणाचे आहे हे पुष्कळदा आपल्यापेक्षा आधी कळलेले असते. त्याला लाज वाटत असते, म्हणून ते लपवते. त्याला लिहायला थोडा जास्त वेळ द्यावा, हात धुवायला जाताना वर्गाला हसू देऊ नये, आणि त्याच्या पालकांशी शेरा न लिहिता प्रत्यक्ष बोलावे. आजार खरा आहे की सोंग, हे ठरवण्याचे काम आपले नाही. बदल दिसला हे वेळेवर सांगणे मात्र आपलेच काम आहे, कारण मुलाचे रोजचे अक्षर रोज पाहणारा माणूस गावात दुसरा कोणी नसतो.

सेंट व्हायटसच्या स्थानापासून डेन्मार्कच्या नोंदवह्यांपर्यंतच्या या वाटेवर मुलाच्या आजाराला प्रत्येक काळाने आपापले कारण दिले: संताचा कोप, शाळेचा जाच, आईचे वागणे, एखादा जंतू. काही कारणे खोटी ठरली, काही अर्धी खरी निघाली, एखाद्याचा निकाल अजून लागायचा आहे. तो लागेल तेव्हा लागेल. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल, वह्यांचे गठ्ठे तपासायला येतील, आणि त्यांत एखाद्याचे अक्षर अचानक ओळीखाली घसरलेले असेल. तिथे लाल शाईने ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारण्याआधी त्या मुलाला जवळ बोलवावे आणि विचारावे, ‘बाळ, मध्यंतरी आजारी होतास का रे?’